सोळा डिसेंबरचा काळोख

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय 'युद्ध आणि घर' असा छापलाय. मघाशी निवेदकांनी तो 'युद्ध आणि वर' असा वाचला. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं, तो विषय मला जास्त जमला असता. असो. चाळीस मिनिटं मिळाली होती, त्यातली दहा नारळ-शालीत गेली.

समोर निम्मी डोकी पांढरी दिसताहेत, त्यामुळे ब्लॅकआऊट म्हणजे काय ते सांगायला नको. तरी सांगतो, कारण मला सांगायचंच आहे. शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून रात्री सगळीकडे अंधार करायचा. १९७१ साली, भारत-पाकिस्तान युद्धाच्या वेळी, आम्ही ठाण्यात नौपाड्याला चाळीत राहायचो. मी चौथीत. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि दुसऱ्या दिवशी आईनं मैद्याची खळ शिजवायला घेतली. खाकी कागद खळीनं काचांना डकवायचा. बल्बभोवती काळ्या कागदाची नळी, खाली फक्त ताटापुरता उजेड. गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. खिडकीतून उजेडाची फट दिसली की खालून वॉर्डन ओरडायचा आणि वॉर्डनपेक्षा मोठ्यानं चाळमालक ओरडायचे.

आता मुख्य गोष्ट. सोळा तारखेला दुपारी साडेचारच्या सुमारास पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी आपल्या जनरल जगजितसिंग अरोरांसमोर शरणागतीवर सही केली. इंदिराबाईंनी लोकसभेत सांगितलं आणि ते रेडिओवर आलं. चाळीत एकच रेडिओ, सगळा मजला त्याच्याभोवती. पेढे आणायचे तर दुकानं बंद. आईनं डब्यातली गुळाची ढेप काढली, बत्त्यानं फोडली आणि ताट घेऊन गॅलरीत आली. दिवे मात्र बंदच! कारण पश्चिमेकडची लढाई संपलेलीच नव्हती. तिकडचा युद्धविराम १७ तारखेला रात्री आठला लागू झाला. म्हणजे आमच्या मजल्यावर विजय साजरा झाला तो मिट्ट काळोखात.

त्या काळोखात एका पोरानं तीनदा गूळ घेतला. एकदा स्वतःच्या आवाजात, एकदा शेजारच्या बंड्याच्या आवाजात आणि एकदा म्हाताऱ्या काकूंच्या आवाजात 'मला गं सूनबाई' म्हणून. आईनं काकूंना वाकून नमस्कार केला. हात लावला तर पायात चड्डीवाला मुलगा! (हशा) तो पोरगा कोण, हे या सभागृहात विचारू नये.

आता माझी तक्रार. आम्ही हल्ली घोडबंदर रोडला राहतो. सोसायटीचं नाव घेत नाही, सेक्रेटरीसाहेब कदाचित शेवटच्या रांगेत असतील. सहा वर्षांपूर्वी कमिटीनं ठरवलं, यंदा सोळा डिसेंबरचा विजय दिवस जोरात करायचा. म्हणजे काय? गेटपासून क्लबहाऊसपर्यंत तिरंगी रोषणाई आणि सकाळी सातपासून स्पीकर. मी सभेत उठून म्हणालो, अहो, ज्या रात्री दिवा लावला तर शिव्या मिळायच्या, तिची आठवण तुम्ही रोषणाईनं करताय? एक गृहस्थ म्हणाले, 'काका, नकारात्मक बोलू नका.' ठराव मंजूर. वर्गणी माझ्याकडूनही घेतली, पावतीसकट.

म्हणून त्या वर्षीपासून आमच्या घरी वेगळा विजय दिवस सुरू झाला. रात्री आठ ते साडेआठ दिवे बंद, काचांना खाकी कागद, शेजारपाजारचे पंधराएक जण, मध्ये गुळाचं ताट. आई आज सत्त्याऐंशीची आहे. खळ अजून तीच शिजवते, सुनेला हात लावू देत नाही. म्हणते, तुमच्या टेपनं काचेवर डाग पडतात.

पहिल्याच वर्षी काय झालं? ग्रुपवर मेसेज: 'डी विंगला चौदाव्या मजल्यावर लाईट गेली का?' वॉचमन वर आला, त्याच्यामागून इलेक्ट्रिशियन. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटला बिर्याणी घेऊन आलेला मुलगा नंबर दिसेना म्हणून मोबाईलची बॅटरी लावून आमच्या दारात आला. आई आतून कडाडली, 'दिवा विझव मेल्या, विमानं आहेत वर!' पोरानं मोबाईल छातीशी धरला आणि खालीच बसला. मग त्यालाही गूळ दिला. बिर्याणी गार झाली म्हणून समोरच्यांनी त्याला एकच तारा दिला, ते मला अजून खटकतं.

आमच्या मजल्यावर एक बंगाली कुटुंब आहे. दादा १९७१ साली चार वर्षांचे. बापाच्या खांद्यावर बसून पूर्व पाकिस्तानातून जेसोर रोडनं सीमेअलीकडे बनगावला आले, त्या वर्षी आलेल्या सुमारे एक कोटी निर्वासितांपैकी एक. पहिली दोन वर्षं ते यायचे, बसायचे, जायचे. तिसऱ्या वर्षी खजुराच्या गुळाची ढेप घेऊन आले. थंडीतच तो ताजा मिळतो, कोलकात्याहून भाऊ पाठवतो. आईनं चाखला आणि म्हणाली, 'आमच्यापेक्षा बरा आहे, पण पुरणाला चालायचा नाही.' दादा त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. त्यांना युद्ध आठवत नाही, खांद्यावरून दिसणारी माणसांच्या डोक्यांची रांग आठवते.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं.' बरं.

जे बोलायला आलो ते थोडक्यात. युद्धाचा विजय सैन्याचा, पण घरांचाही त्यात वाटा होता आणि तो घरातच आठवता येतो. पाकिटावर पाच पैशांचं जादा तिकीट आठवतंय? निर्वासितांसाठीचं. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्याच तिकिटावर 'शरणार्थी सहायता' असा ठसा मारून दिलं होतं. माझ्याकडे एक आहे, त्या रात्री बॅटरीवर रुमाल टाकून पोरांना दाखवतो. असल्या वस्तू तुमच्या माळ्यावरही असतील.

दुसरं, फक्त सोळा तारीख धरू नका. ८ डिसेंबरला आपली युद्धनौका 'खुकरी' मुंबईहून निघाली, ९च्या रात्री दीवजवळ बुडाली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले, तिचे कॅप्टन मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. आम्ही गुळाआधी दोन मिनिटं त्यांच्यासाठी गप्प बसतो. मागच्या वर्षी नातवानं विचारलं, पकडलेल्या पाकिस्तानी लोकांचं काय झालं? सुमारे ९३ हजार होते, १९७४पर्यंत परत पाठवले, असं सांगितलं. त्यावर त्याचा प्रश्न: 'त्यांच्या घरी पण गूळ वाटला असेल का?' आई म्हणाली, वाटला असणार, आला की पोरगा घरी. याच्यावर मला अर्धा तास बोलायचं होतं. मुद्देही काढले होते, हे बघा, चार पानं. राहू द्या.

दुसरी चिठ्ठी आली. हिच्यावर नुसतं उद्गारचिन्ह आहे.

एकच सूचना. सोळाला ज्यांना यायचंय त्यांनी आठच्या आत या. लिफ्टसमोर उजवीकडचं दार. बेल दाबू नका, बेलचा लाल दिवा लागतो आणि आई ओरडते. हळूच टकटक करा. आणि गूळ कुणी तीनदा मागितला तर आवाज मी ओळखतो.