मातीच्या नौका: अमाथसच्या कुंभारांनी जपलेले जहाज

सायप्रस बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या लिमासोल शहराच्या पूर्वेला, अमाथस या प्राचीन बंदराचे अवशेष पसरले आहेत. आपण पाहत असलेली ही भाजलेल्या मातीची नौका याच परंपरेतील असून, इ.स.पू. 750 ते 480 या काळात अशा प्रतिकृती अमाथसच्या कबरींमध्ये ठेवल्या जात असत.

आता तिच्या आत पाहू. तळाच्या मधोमध असलेल्या या खोबणीत डोलकाठी उभी केली जात असे. मागच्या टोकाजवळ, दोन्ही बाजूंना, सुकाणूच्या वल्ह्यांसाठी केलेली सोय दिसते; कारण त्या काळातील भूमध्यसागरी जहाजांना मधोमध बसवलेले एकच सुकाणू नसे, तर दोन्ही कुशींना एकेक मोठे वल्हे बांधलेले असे. फुगीर पोट आणि उंच कडा पाहता हे जहाज युद्धासाठी नव्हे, माल वाहण्यासाठी बांधलेले होते, हे सहज ध्यानात येते.

हे सारे हाताने घडवलेले आहे. कुंभार आधी तळ थापतो, त्यावर बाजू चढवतो आणि सांधे ओल्या मातीने लिंपतो. नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, वर वळवताना त्याला थांबावे लागते, कारण फार ओली माती स्वतःच्या वजनाने खाली बसते आणि फार वाळलेली माती वळवताना तडकते. काठाचा पट्टा, सुकाणूचे आधार आणि आतील खोबण यांची माती वेगळी घेऊन नंतर जोडली जाते. काही नौकांवर काळ्या आणि तांबड्या रंगाचे पट्टे ओढलेले असतात, तर काहींवर त्या रंगाच्या केवळ खुणा उरल्या आहेत.

या खटाटोपाचे मोल समुद्राच्या तळाशी गेल्यावर कळते. टेरेडो नावाचे शिंपलावर्गातील जीव बुडालेल्या जहाजाचे उघडे लाकूड पोखरून टाकतात. वाळूत किंवा मालाखाली गाडला गेलेला भाग तेवढा टिकतो. सायप्रसच्या उत्तर किनाऱ्याजवळ सापडलेले किरेनियाचे जहाज याचे उत्तम उदाहरण आहे. 1965 मध्ये पाणबुडे आंद्रेआस कारिओलू यांना ते दिसले आणि मायकेल कॅट्झेव्ह यांच्या पथकाने 1968 व 1969 मध्ये त्याचे उत्खनन केले. सुमारे 400 कुंभांच्या भाराखाली तळाच्या फळ्या आणि त्यांना एकमेकींत गुंतवणारे लाकडी सांधे शाबूत राहिले होते. इतक्या चांगल्या स्थितीतील अवशेष विरळाच मिळतात. एरवी काठ, सुकाणूचे आधार आणि डोलकाठी, म्हणजे पाण्यावरचे जहाज, बहुतेक वेळा हरवलेले असते, आणि नेमके तेच कुंभाराने मातीत उतरवून ठेवले आहे. कुंभार काही जहाज बांधणारा सुतार नव्हता, त्यामुळे या नौकांवरून मापे काढणे योग्य ठरणार नाही. तरीही, कोणता भाग कोठे असे, हे सांगणारा इतका थेट पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो.

या पुराव्याची हेळसांडही झाली. 1865 पासून सायप्रसमध्ये अमेरिकेचे वाणिज्यदूत असलेले लुईजी पाल्मा दी चेस्नोला यांनी बेटावरच्या असंख्य कबरी उकरल्या. त्यांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने विकत घेतला, पण कोणती वस्तू कोणत्या कबरीतून आली याच्या त्यांच्या नोंदी भरवशाच्या नाहीत. 1871 मध्ये त्यांच्या संग्रहाचा एक मोठा भाग घेऊन निघालेले जहाज भूमध्य समुद्रातच नाहीसे झाले. ब्रिटिश म्युझियमने 1893-94 मध्ये अमाथस येथे उत्खनन केले, तेव्हा कबरींना क्रमांक दिले गेले आणि प्रत्येक कबरीतील वस्तू त्या क्रमांकाखाली नोंदवल्या गेल्या. नौकेशेजारी कोणती भांडी होती, ती कोणत्या काळातली होती, हे प्रश्न आज अशा नोंदी असलेल्या कबरींबाबतच विचारता येतात.