बॅटरी बिचारी निर्दोष

[दृश्य : गोव्यातल्या डिचोलीतलं एक गॅरेज. बाहेर पाऊस. लाकडी टेबलावर हातभर लांबीची काळी केबल.]

ही केबल बघा. एका टॅक्सीच्या बॉनेटखालून आत्ताच काढली आहे. वरचं काळं आवरण शाबूत, कुठे चीर नाही. दोन्ही टोकांना थिंबल, म्हणजे बोल्टखाली आवळायचं धातूचं टोक, घट्ट बसलेलं. वीज मोजणारा मल्टीमीटर लावला तर बीप वाजतो, म्हणजे केबल तुटलेली नाही.

[दृश्य : ब्लेडने आवरण उभं चिरलं जातं.]

आता थिंबलपासून चार बोटांवर आवरण चिरलं. आत चकचकीत तांबं दिसायला हवं. निघाली हिरवट-काळी भुकटी. चिमटीत धरून चोळली की बोटं हिरवी होतात. मधोमध पाच-सहा तारा तेवढ्या शिल्लक आहेत आणि मीटरने बीप दिला तो त्यांच्याच जिवावर.

या पाच-सहा तारांवर ही टॅक्सी दाबोळी विमानतळाची भाडी मारत होती. वर्षभरात बॅटरी बदलून झाली, तीही बसली म्हणून पुन्हा बदलली. मग सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर, खोलला. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार गाड्यांच्या दुनियेत इतका चालतो की बॅटरीला वकील द्यायची वेळ आली आहे.

ड्रायव्हर वैतागलेला आहे. "काका, बॅटरीवाला म्हणतो बॅटरी ओके. सेल्फवाला म्हणतो कार्बन नवे टाकलेत, सेल्फ ओके. मग गाडी उठत का नाही?"

इलेक्ट्रिशियन काका शांतपणे म्हणतात, "दोघंही खरं बोलतात रे. मधली वायर कोणी बघितली?"

[दृश्य : रायबंदरची मिठागरं, चोडणला निघालेली फेरीबोट, तिच्यावर रांगेत उभ्या गाड्या.]

गोव्यात पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात किनाऱ्याची खारी हवा. पणजीहून रायबंदरकडे जाताना एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. रोज फेरीने नदी ओलांडणाऱ्या गाडीच्या पोटाला खाऱ्या पाण्याचे शिंतोडे रोजचेच. डिचोली-सत्तरीच्या बाजूला खाणीची तांबडी धूळ केबलच्या कोपऱ्याकोपऱ्यांत बसते आणि ओल धरून ठेवते.

आता बॅटरीचा क्लॅम्प शिशाचा, केबल तांब्याची, बोल्ट लोखंडी आणि बॉडी रंगवलेल्या पत्र्याची. वेगवेगळे धातू एकमेकांना टेकले आणि वर खारं पाणी आलं की तिथे आपोआप एक छोटा विजेचा घट तयार होतो आणि एक धातू दुसऱ्याला खात सुटतो. थिंबलच्या तोंडातून शिरलेलं पाणी केबलच्या आत तारांच्या फटींतून ओढलं जातं. आवरण बाहेरून नवं, आत पोकळ, हे असं होतं.

[दृश्य : बॉनेट उघडं. कॅमेरा बॅटरीपासून सेल्फपर्यंत केबलच्या मागे मागे.]

गाडीच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट. पूर्ण चार्ज बॅटरी काही तास उभी ठेवून मोजली तर १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी उतरली. १२ च्या खाली गेली की भरवसा नाही.

पण हे आकडे बॅटरी आरामात असतानाचे. चावी फिरवली की सेल्फ छोट्या पेट्रोल गाडीतसुद्धा शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, डिझेलमध्ये त्याहून जास्त. हा करंट पॉझिटिव्हच्या लाल केबलने जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो परत येतो इंजिनच्या धातूतून आणि अर्थच्या, म्हणजे इंजिन-बॉडीला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणाऱ्या, काळ्या केबलने. जाताना जेवढा गेला तेवढाच परत यायला हवा आणि त्या वाटेकडे कोणी ढुंकून बघत नाही.

हिशोब सोपा आहे. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलाय : करंट गुणिले रेझिस्टन्स म्हणजे व्होल्ट. वाटेत ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा असला आणि दीडशे अँपिअर वाहायला लागले, तर दीड व्होल्ट तिथेच खपला. सव्वादोनशे वॉटची उष्णता त्या एका जोडावर. आणि साधा मल्टीमीटर ओहमवर ठेवून इतका लहान अडथळा दाखवू शकत नाही, तो शून्यच दाखवणार. म्हणून बीपवर विश्वास ठेवायचा नाही. वायर कामाला लावायची आणि ती काम करत असताना मोजायची.

[दृश्य : काका पेट्रोल पंपाचा फ्यूज काढतात. मीटर २० व्होल्ट डीसीवर.]

काकांनी आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढला आणि आत राहिलेल्या पेट्रोलवर इंजिन एकदा चालवून बंद पडू दिलं. आता सेल्फ फिरेल, गाडी सुरू होणार नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, मीटरच्या वायरी पट्ट्या-पंख्यापासून लांब. ड्रायव्हरने चावी तीन-चार सेकंदच धरायची, मग सेल्फला थोडा दम खाऊ द्यायचा.

पहिलं मोजमाप बॅटरीवर. मीटरची टोकं क्लॅम्पवर लावायची नाहीत. क्लॅम्पच्या मधून वर आलेलं शिशाचं बोंड आहे ना, त्यावर. चावी फिरली, सेल्फ आळसावून घरघरला, मीटरवर १०.९. बॅटरी उत्तम. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय घेतला असता.

दुसरं मोजमाप सेल्फवर, त्याच्या जाड बोल्टपासून त्याच्याच अंगापर्यंत. तिथे पोहोचले फक्त ८.७. म्हणजे २.२ व्होल्ट वाटेत गेले. कुठल्या वाटेवर?

मग काकांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह बोंडावर आणि दुसरं सेल्फच्या बोल्टवर ठेवलं. एकाच वायरची दोन टोकं. वायर चांगली असेल तर इथे शून्याच्या जवळ आकडा यावा. आला ०.३. चालेल. आता काळी बाजू : निगेटिव्ह बोंड ते सेल्फचं अंग. १.९.

"हा बघ तुझा चोर," काका म्हणतात आणि त्याच वाटेचे तुकडे पाडतात. बोंड ते क्लॅम्प ०.१. थिंबल ते गिअरबॉक्सचा धातू ०.१. क्लॅम्प ते थिंबल, म्हणजे नुसती केबल, १.७. टेबलावर चिरून ठेवली आहे ती हीच.

घरी करून बघायचं तर एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे : सेल्फ फिरत असताना पूर्ण पॉझिटिव्ह बाजूत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आणि अर्थच्या बाजूत ०.३ पेक्षा जास्त गळती नको. मीटरही नसेल तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा, चावी फिरवा. गाडी झटक्यात उठली तर अर्थ गेला. ही युक्ती भर पावसात, रस्त्याच्या कडेलासुद्धा जमते.

केबल नवी बसवल्यावर पुन्हा मोजलं. सेल्फवर १०.१, आणि बॅटरीवर १०.५, म्हणजे आधीपेक्षा कमी! ड्रायव्हर दचकला. पण त्यात गोम आहे. आधी सडकी केबल करंट अडवत होती, बॅटरीवर भारच येत नव्हता, म्हणून ती ऐटीत १०.९ दाखवत होती. आता सेल्फला हवा तेवढा करंट मिळतो, बॅटरी खरी राबते आणि थोडी खाली येते. "बॅटरी ओके, सेल्फ खराब" असा निकाल जिथे जिथे लागतो, तिथे बऱ्याचदा हे कोडं न सुटल्यामुळेच लागतो.

[दृश्य : इंजिन सुरू. हेडलाइट, एसीचा पंखा चालू.]

मग नव्या बॅटऱ्या का बसल्या? त्याचं उत्तर चार्जिंगच्या बाजूला आहे. इंजिन सुरू असताना अल्टरनेटर, ज्याला जुनी मंडळी अजून डायनॅमो म्हणतात, साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट देतो. या गाडीत जुनी केबल असताना अल्टरनेटरच्या जागी १४.३ होते आणि बॅटरीवर १३.६. चार्जिंगचा करंटही त्याच सडक्या वाटेने फिरणार. बॅटरी मरत नव्हती, पण रोज अर्धपोटी राहत होती. शिशाच्या बॅटरीला अर्धपोटी ठेवलं की प्लेटांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात, मग ती चार्ज घेतच नाही. म्हणजे वायरने बॅटरी मारली आणि पंचनाम्यात बॅटरीचं नाव लागलं.

इथेही चाचणी तीच. दिवे, पंखा, मागची काच तापवणारी तार, सगळं चालू करायचं आणि अल्टरनेटरच्या जाड बोल्टपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत मोजायचं. मग अल्टरनेटरच्या अंगापासून निगेटिव्हपर्यंत. दोन्हीकडे ०.२ च्या आसपास ठीक. पॉझिटिव्ह बाजूला पूर्ण दोन-दोन व्होल्टचा फरक दिसला तर मधला मोठा फ्यूज जळलाय का ते आधी बघावं.

जुन्या गाड्यांत आणखी एक गंमत असते. चावी ऑन केल्यावर डॅशवर बॅटरीचा लाल दिवा लागतो ना, बऱ्याच जुन्या अल्टरनेटरांना जागं करणारा पहिला करंट त्याच दिव्यातून येतो. तो छोटा बल्ब गेला किंवा त्याची बारीक वायर तुटली, तर अल्टरनेटर निजलेलाच राहतो आणि लाल दिवाही लागत नाही, त्यामुळे सगळं आलबेल वाटतं. चावी ऑन, इंजिन बंद आणि लाल दिवा लागत नाही, हे वाईट लक्षण. नव्या गाड्यांत मात्र अल्टरनेटर ईसीयूच्या, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकाच्या, हुकमावर चालतो. तिथे कधी १२.८ दिसतील, कधी १५ च्या जवळ. एकदा मीटर लावून निकाल देऊ नये.

आणि इंजिन सुरू असताना बॅटरीची वायर काढून "गाडी बंद पडली नाही, डायनॅमो चांगला" असं दाखवणारा उस्ताद भेटला तर त्याला हात जोडावेत. बॅटरी सुटल्याक्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू जळू शकतो. पूर्वीच्या ॲम्बेसेडरला हे चालून गेलं असेल, तुमच्या गाडीला नाही.

आवाजावरूनही अंदाज येतो. भराभर टिक-टिक-टिक म्हणजे सेल्फला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत : बॅटरी उतरलेली किंवा जोड खराब. एकच "टक्" आणि शांतता म्हणजे सेल्फ किंवा जाड केबल. काहीच आवाज नाही, पण दिवे झगझगीत, तर सेल्फला हुकूम देणारी बारीक वायर, रिले किंवा क्लचचा स्विच. इंडिकेटर लावला की हेडलाइट मंद होतो, हॉर्न वाजवला की डॅशचे काटे हलतात, असली भुताटकी दिसली की आधी अर्थ शोधा. जुन्या गाड्यांत तर अर्थ तुटल्यावर करंट ॲक्सिलरेटरच्या तारेतून परत जातो आणि ती तार तापून कडक होते. मालक मग तार बदलत बसतो.

[दृश्य : नवी केबल तयार होते. थिंबल दाबण्याचं यंत्र.]

दुरुस्तीत घाई नको. केबल कापत मागे जायचं, चकचकीत तांबं लागेपर्यंत. ते लागलंच नाही तर पूर्ण केबल नवी, काही शे रुपयांचं काम. थिंबल पकडीने चेपायचं नाही, यंत्राने दाबायचं. वर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब तापवून बसवायची, म्हणजे पाण्याला तोंडच उरत नाही. नुसती काळी टेप गुंडाळून चालणार नाही, ती पाणी आत धरून ठेवते. बॉडीवर थिंबल जिथे बसतं तिथला रंग खरवडून धातू उघडा करायचा, बोल्ट आवळायचा आणि मग वरून ग्रीस. टर्मिनलवरची पांढरी-निळी बुरशी खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने जाते, पण सेलच्या बुचांतून ते आत जाऊ द्यायचं नाही. केबल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

[दृश्य : कळंगुटजवळ एका अंगणात ताडपत्रीखाली उभ्या काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाड्या.]

राहिला शेवटचा प्रकार, जून ते सप्टेंबर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा. सगळं बंद करूनही घड्याळ, अलार्म, ईसीयूची आठवण यांना थोडा करंट लागतो. २० ते ५० मिलिअँपिअर इथपर्यंत ठीक. ३५ अँपिअर-तासाच्या बॅटरीतून ३०० मिलिअँपिअर जात असतील तर दिवसाला सात अँपिअर-तास जातात. पाच दिवसांत बॅटरी सपाट. चोर बहुतेक नंतर बसवलेल्या वस्तूंत सापडतो : म्युझिकचा ॲम्प्लिफायर, ट्रॅकर, मागचा कॅमेरा, कुठल्याशा वायरला चिमटा मारून घेतलेलं कनेक्शन. किंवा उंदराने कुरतडलेल्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात.

गाडी लॉक करून अर्धा तास थांबायचं, कारण सगळी यंत्रं झोपायला तेवढा वेळ घेतात. मग फ्यूजच्या डोक्यावर दिसणाऱ्या दोन धातूच्या ठिपक्यांवर मीटर मिलिव्होल्टवर लावून एकेक फ्यूज तपासायचा. जिथे आकडा हलला, तिथे करंट वाहतोय. फ्यूज उपसत बसलात तर झोपलेलं यंत्र पुन्हा जागं होतं आणि मोजमाप फसतं.

कळंगुटच्या या गाडीत ॲम्प्लिफायरला चालू करणारी निळी वायर चावीच्या लाइनला न जोडता सरळ बॅटरीच्या लाइनला जोडलेली निघाली. गाडी बंद, गाणी बंद, पण ॲम्प्लिफायर दिवसरात्र जागा. काकांनी ती वायर चावीच्या लाइनवर घेतली, अर्धा तास थांबून पुन्हा मोजलं. २८ मिलिअँपिअर. मग ताडपत्री पुन्हा अंथरली आणि शेजारच्या गाडीचं बॉनेट उघडलं.