चार पेनीची राखण, दोन पेनीची शाळा

(दृश्य: धुक्यातलं पेरलेलं शेत. लांबवर चर्चचा मनोरा. कावळ्यांची कावकाव आणि मध्येच एका पोराची आरोळी.)

इंग्लंडमधला वॉरिकशर परगणा. गाव बारफर्ड. साल १८३५. नऊ वर्षांचा एक मुलगा शेतात उभा राहून कावळे हाकतोय. दिवसाचे बारा तास हेच काम आणि मजुरी चार पेनी. गावात शाळा आहे. तीनेक वर्षं तो तिथे गेलाही होता. नवव्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच.

त्याचं नाव जोसेफ आर्च. पुढे १८७२ मध्ये त्याने शेतमजुरांची मोठी संघटना उभी केली आणि १८८५ मध्ये तो पार्लमेंटात निवडून गेला. पण ते सगळं नंतरचं. आत्ता आपल्याला त्याच्या चार पेनीशी काम आहे.

बारा पेनीचा एक शिलिंग. आठवड्याचे सहा दिवस धरले तर पोराचे झाले दोन शिलिंग. शेतमजूर बापाला आठवडाभर राबून मिळायचे आठ-नऊ शिलिंग. म्हणजे बापाच्या कमाईला पोराचा चांगलाच हातभार लागत होता. शाळेत बसवलं की हे दोन शिलिंग बुडाले, वर शाळेची फी द्यायची ती वेगळीच. १८३७ मध्ये राणी विक्टोरिया गादीवर आली तेव्हा गावोगावच्या शाळांपुढचा पेच हा होता: शेत पैसे देतं आणि शाळा पैसे मागते.

(दृश्य: जुनी दगडी इमारत. उंचावर बसवलेल्या खिडक्या.)

तेव्हा सरकार शाळा चालवत नव्हतं. खेड्यात शाळा असलीच तर ती बहुधा चर्चच्या आधाराने उभी असायची. १८११ साली चर्च ऑफ इंग्लंडच्या मंडळींनी नॅशनल सोसायटी नावाची संस्था काढली, त्यामुळे इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत आजही जुन्या शाळेच्या दारावर 'नॅशनल स्कूल' ही अक्षरं कोरलेली सापडतात. सरकारने शाळा बांधायला पहिल्यांदा हात सैल सोडला तो १८३३ मध्ये. सगळे मिळून वीस हजार पौंड.

या शाळांची शिकवण्याची पद्धत कुठून आली होती, तर मद्रासहून. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासला एग्मोरच्या अनाथालयाचा प्रमुख होता. तिथल्या एका देशी शाळेत त्याने मुलांना वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिलं. आपल्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी आठवा, तोच प्रकार. बेलला ही युक्ती फार आवडली, पण त्याचे शिक्षक असलं काही शिकवायला राजी होईनात. मग त्याने जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या पोरालाच धाकट्यांना शिकवायला बसवलं. ते जमलं. मोठ्याने धाकट्याला शिकवायचं आणि मास्तरने सगळ्यांवर नजर ठेवायची, अशी ती रीत. १७९७ मध्ये बेलने त्यावर पुस्तिका छापली आणि ती रीत 'मद्रास पद्धत' म्हणूनच इंग्लंडभर पसरली. विलायतेतून विद्या आपल्याकडे आली असं आपण ऐकत आलो. निदान ही वाळू तरी उलट्या दिशेने गेली.

पद्धत स्वस्त होती, हे तिचं मोठेपण. शिकवणाराच दहा वर्षांचा, तर शिकणाऱ्याला किती येणार, हे तिचं दुखणं.

(दृश्य: हॅम्पशरमधली टेकाडं. खाली ओढा, गवताने शाकारलेली घरं.)

आता हॅम्पशरमध्ये येऊ, किंग्ज सॉम्बोर्न या गावी. पांढऱ्या चुनखडीच्या टेकड्या आणि मोलमजुरीवर जगणारी माणसं. इथे रिचर्ड डॉज नावाचा पाद्री नेमणुकीवर आला. केंब्रिजला गणित शिकलेला. १८४२ मध्ये त्याने गावात शाळा सुरू केली.

डॉजने पहिली गोष्ट केली ती फीची. मजुराच्या पोराला आठवड्याला दोन पेनी. ज्यांचं बरं चाललं होतं अशा शेतकऱ्यांच्या मुलांना तिमाहीची, जास्त फी. आणि दोघं एकाच वर्गात. आज यात काही वाटणार नाही. त्या काळी जमीन कसणारा शेतकरी आणि त्याच्याकडे राबणारा मजूर चर्चमध्येसुद्धा शेजारी बसत नसत.

फुकट शाळा काढायची नाही, हा डॉजचा हट्ट होता. पुस्तकंसुद्धा तो मुलांना विकत घ्यायला लावायचा, म्हणजे ती घरी जातील. गरिबाकडून पैसे घेणारा पाद्री म्हणून त्याला कुणी नावं ठेवली असतील तर नवल नाही. पण त्याचा विचार सरळ होता. दोन पेनी मोजणारा बाप विचारणार, पोरगं शिकलं काय? मग शाळेने त्या बापाला पटेल असं काहीतरी शिकवलं पाहिजे.

(दृश्य: चुलीवर किटली. वाफेने हलणारं झाकण.)

म्हणून डॉजच्या शाळेत विज्ञान आलं, पण ते चुलीपासून सुरू झालं. वाफेने झाकण का उडतं? पंपात पाणी वर कसं चढतं? थंडीत लोखंडाला हात लावला तर गार लागतं आणि त्याच खोलीतलं लाकूड तेवढं गार लागत नाही, ते का? याला तो 'रोजच्या वस्तूंचं ज्ञान' म्हणायचा. गणितही तसंच. वाण्याचं बिल, बापाची मजुरी, शेताचं क्षेत्रफळ, सुताराने कापलेल्या लाकडाचं माप. व्याकरणाचे नियम घोकण्यापेक्षा आजूबाजूचे पक्षी कधी आले, कोणतं फूल कधी उमललं, हे लिहून आणा म्हणायचा.

सरकारी तपासणीस हेन्री मोझली ही शाळा पाहायला आला आणि खूश झाला. त्याच्या अहवालांमुळे या आडगावाचं नाव लंडनपर्यंत पोचलं आणि लोक मुद्दाम वाट वाकडी करून शाळा बघायला येऊ लागले.

असा वेडा पाद्री एकटाच नव्हता. सफोकमधल्या हिचम गावात जॉन हेन्स्लो होता, केंब्रिजमध्ये चार्ल्स डार्विनला वनस्पतिशास्त्र शिकवलेला. त्याच्या खटपटीनेच डार्विनला 'बीगल' जहाजावर जागा मिळाली. तोच हेन्स्लो पुढे गावच्या शाळेतल्या मजुरांच्या पोरांना बांधावरची झाडं ओळखायला शिकवू लागला. त्याच्या वर्गात घुसायचं तर 'डायकॉटिलेडन' (म्हणजे द्विदल वनस्पती) यासारखे शब्द स्पेलिंगसकट यावे लागत. घरी बटाटे सोलणाऱ्या मुलींच्या तोंडी ते लांबलचक शब्द ऐकून आयांना काय वाटत असेल!

(दृश्य: वर्ग. लांब बाकं, पाट्या, एका भिंतीशी शेकोटी.)

बाकीच्या शेकडो गावांत मात्र साधीच शाळा होती. एकच मोठी खोली. चार-पाच वर्षांच्या पोरांपासून दहा-अकरा वर्षांच्यांपर्यंत सगळे तिथेच. खिडक्या मुद्दाम उंच, म्हणजे बाहेर लक्ष जाऊ नये. शेकोटी एका टोकाला, तिच्याजवळ बसलेला भाजतोय आणि दाराजवळचा कुडकुडतोय. कागद महाग, म्हणून पाटी. पाटी पुसायला थुंकी आणि बाही, हा जगभरच्या पोरांचा शोध. शाईची भुकटी पाण्यात कालवून दौती भरायच्या, हे मोठ्या मुलाचं मानाचं काम.

मास्तर शाळेला लागूनच असलेल्या घरात राहायचा. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणं बऱ्याचदा त्याच्याच गळ्यात, आणि मुलींना शिवण शिकवणं त्याच्या बायकोच्या. १८४६ पासून सरकारने मदतीला शिकाऊ शिक्षक दिले. तेराव्या वर्षी पाच वर्षांच्या करारावर नेमणूक, पहिल्या वर्षी दहा पौंड, चढत चढत वीस. मुलांना दिवसभर शिकवायचं आणि शाळेच्या वेळेबाहेर दीड तास मास्तरकडून स्वतः शिकायचं. मजुराच्या हुशार पोरापोरींना शेतीबाहेर पडायला खेड्यात एवढी एकच सरळ वाट होती.

(दृश्य: चामडी बांधणीचं जाडजूड पुस्तक. पानं उलटणारा हात.)

मग आलं १८६२ साल. शिक्षणावरचा सरकारी खर्च वाढत चालला होता. तो कारभार रॉबर्ट लो यांच्याकडे होता. त्यांनी पार्लमेंटात सांगितलं की नवी पद्धत स्वस्त पडली नाही तर निदान उपयोगी ठरेल, आणि उपयोगी ठरली नाही तर निदान स्वस्त पडेल. त्यांनी अनुदानाची मोजणी अशी बांधून दिली: शाळेच्या सरासरी हजेरीवर माणशी चार शिलिंग. शिवाय सहा वर्षांवरच्या ज्या मुलाच्या दोनशेहून जास्त हजेऱ्या भरतील त्याच्यामागे आठ शिलिंग, पण त्याने तपासणीसासमोर वाचन, लेखन आणि गणितात पास व्हायचं. एका विषयात नापास, की दोन शिलिंग आठ पेनी कापले.

म्हणजे मास्तरला आता पोराच्या कपाळावर किंमत दिसायला लागली.

डॉजची किटली आणि हेन्स्लोची फुलं या मोजणीत कुठेच नव्हती. त्यांना पैसे नव्हते, म्हणून तासही उरले नाहीत. वर्षभर तेच एक वाचनाचं पुस्तक घोटून घ्यायचं. पोरं ते इतकं पाठ करायची की पुस्तक उलटं धरलं तरी घडाघडा वाचत. तपासणीचा दिवस उजाडला की सगळे स्वच्छ धुतलेले, आणि मास्तरचा चेहरा पांढराफटक. आपल्याकडे 'दिपोटी आले', म्हणजे शाळा तपासायला साहेब आले, म्हटल्यावर शाळेत जी पळापळ व्हायची, तिचंच हे मूळ घराणं. निकालावर अनुदान देण्याची ही चाल मुंबई इलाख्यातही आली होती. कवी मॅथ्यू अर्नल्ड स्वतः पस्तीस वर्षं शाळा तपासनीस होता, आणि या यांत्रिक परीक्षेविरुद्ध तो आपल्या सरकारी अहवालांतूनच तक्रार करत राहिला.

पण त्याच नियमांनी एक मोठं काम केलं. मुख्य शिक्षकाने दैनंदिनी ठेवलीच पाहिजे आणि आठवड्यातून निदान एक नोंद केलीच पाहिजे, असं ठरलं. ताकीद अशी की मतं आणि विचार लिहायचे नाहीत, घडलं तेवढंच लिहा. त्या वह्या इंग्लंडच्या परगण्यांच्या दफ्तरखान्यांत आजही आहेत. मास्तरांनी मतं लिहिली नाहीत, पण पोरं कुठे गेली ते लिहिलं.

(दृश्य: एकामागून एक ऋतू. निवेदन संथ.)

आणि ती शेतात गेली होती. वसंतात पेरणी, पाखरं राखायला. मग नांगरटीत वर आलेले दगड वेचायला. जूनमध्ये गवताची कापणी. उन्हाळ्याच्या शेवटाला सुगी, आणि सुगीनंतर आयांबरोबर सरवा वेचायला. सरव्याच्या दाण्यांवर घरची थंडीतली भाकरी अवलंबून, तेव्हा मास्तर काय बोलणार? केंटमध्ये हॉप्सची, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या फुलांची तोडणी. मग बटाटे. मग डुकरांसाठी ओकची फळं. शाळेची मोठी सुट्टी कॅलेंडर बघून लागत नव्हती, पीक बघून लागायची, आणि पीक लांबलं तर सुट्टीही लांबायची. हिवाळ्यात पोरं मोकळी झाली की बर्फ, गोवर, डांग्या खोकला. आणि बूट. बूट फाटलेत म्हणून आलं नाही, ही कारणं वर्षानुवर्षं येत राहतात. दोन मैल चिखल तुडवत यायचं, ओल्या पायांनी दिवसभर बसायचं. भावाभावांत एकच जोड असला तर शाळाही पाळीपाळीने.

गैरहजर पोराबद्दल मास्तरला राग असायचाच, कारण त्याच्या हजेरीत शाळेचं अनुदान होतं. गंमत अशी की पोराला कामावर बोलावणारा शेतकरी पुष्कळदा शाळेच्याच कमिटीवर बसलेला असे. तक्रार करायची कुणाकडे?

कायदे आले, एकेक करून. १८७० मध्ये जिथे शाळा नाही तिथे निवडून आलेली शाळा-मंडळं. १८७३ मध्ये शेतावरच्या मुलांसाठी खास कायदा, जो कुणी फारसा पाळला नाही. १८८० मध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची. १८९१ मध्ये बहुतेक शाळांची फी गेली. डॉजच्या दोन पेनी पन्नास वर्षं टिकल्या, असं म्हणायला हरकत नाही.

(दृश्य: नॉरफोकचा सपाट मुलूख. संध्याकाळ. घरात एक दिवा.)

नॉरफोकमधल्या मार्शम गावचा जॉर्ज एडवर्ड्स १८५० साली जन्मला. त्याला या कायद्यांचा काही उपयोग नव्हता. १८५६ मध्ये, सहाव्या वर्षी, तो कावळे राखायला लागला. आठवड्याचे सातही दिवस, पगार एक शिलिंग. शाळेचं तोंड त्याने पाहिलं नाही. मोठेपणी त्याला चर्चमध्ये प्रवचन द्यायला सांगितलं, तेव्हा त्याला वाचता येत नव्हतं. बायको शार्लट संध्याकाळी मोठ्याने वाचायची आणि तो स्तोत्रं पाठ करून जायचा. मग तिनेच त्याला अक्षरं शिकवली. १९२० मध्ये तो दक्षिण नॉरफोकमधून पार्लमेंटात निवडून गेला. एकोणसत्तर वर्षांचा होता.

(दृश्य: दिव्याच्या उजेडात उघडं पुस्तक. बाहेर अंधारात कावळे झाडावर उतरतायत.)