वाड्याचा राखणदार

[पडदा: साक्री तालुक्यातलं एक वावर, पहाटेचा अंधार. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज.]

पहाटेचे चार वाजलेत. कपाशी उपटून मोकळ्या झालेल्या या वावरात ठेलारी मेंढपाळांचा वाडा, म्हणजे मुक्कामाचा तळ, बसलाय. जाळीच्या कुंपणाला इथे वाघूर म्हणतात. तिच्या आत मेंढरं एकमेकांना चिकटून बसली आहेत. बाहेर, वाऱ्याच्या तोंडाला, एक कुत्रा पडलाय. झोपलाय असं वाटतं, पण त्याचे कान बघा. ओढ्याच्या अंगाला काहीतरी खसपसलं आणि कान तिकडे वळले. डोकं अजून पंजांवरच आहे. मग तो उठतो. धावत सुटत नाही, चालत जातो, मेंढरं आणि ओढा यांच्या मधोमध उभा राहतो आणि छातीतून भुंकतो. थांबतो, ऐकतो, पुन्हा भुंकतो.

राखण म्हणतात ती ही. झटापट क्वचित होते. समोर कुणीतरी जागं आहे एवढं कळलं की लांडगा बहुतेक वेळा तिथूनच वळतो. पाय जायबंदी झाला तर पुढची शिकार कशी करणार? हा हिशेब त्यालाही कळतो.

असा कुत्रा आपल्याकडेही असावा, म्हणून अलीकडे आपल्याकडची तरणी पोरं मोबाइलवर एक नाव शोधत असतात: कांगल. हा कुत्रा तुर्कस्तानातला, सिवास प्रांतातल्या कांगल नावाच्या भागातला. उंच पठार, हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात कोरडं ऊन. मातकट पिवळा रंग, काळं तोंड, पाठीवर वळलेली शेपूट. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी ७५ सेंटिमीटरच्या आसपास भरतो, वजन ५० ते ६० किलो. तिथले मेंढपाळ त्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात, कारण लांडगा पहिला चावा मानेचा घेतो. व्हिडिओत तो पट्टा दिसतो, ते रुंद डोकं दिसतं आणि माणूस भुलतो.

[पडदा: केळीच्या बागा, पत्र्याचं शेड, साखळी.]

रावेरच्या बाजूला एका मळ्यात असंच एक जनावर आम्ही पाहिलं. वय सव्वा वर्ष. पत्र्याच्या शेडच्या खांबाला आखूड साखळी. त्याच्या चकरांनी जमिनीत गोल चर पडला होता. माणूस आला की अंगावर धावायचा, शेळी दिसली तरी धावायचा. मालकाने प्रेमाने आणला होता, खाऊपिऊ घालत होता. पण लहानपणापासून त्याने शेळी जवळून पाहिलीच नव्हती. मग ती आपली आहे, हे त्याला कुठून कळणार?

कुत्र्याच्या पिल्लाचं मन तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन-चार महिन्यांपर्यंत उघडं असतं. त्या काळात ज्यांच्या अंगाचा वास नाकात बसतो, ते त्याचे सोयरे. अमेरिकेत रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस युरोप-तुर्कस्तानातून असे कुत्रे नेऊन वर्षानुवर्षं अभ्यास केला. राखणदार कुत्र्यात त्यांनी तीन गुण महत्त्वाचे मानले. जनावराला इजा न करणं, कळपासोबत राहणं आणि संकटापुढे उभं राहणं. क्रम लक्षात घ्या. पहिले दोन नसतील, तर तिसऱ्याचा उपयोग शून्य. आमच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्या बाबांनी हे एका वाक्यात सांगितलं. पिल्लू दाखवून म्हणाले, “याले बांधू नको भो.”

म्हणून पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की त्याला कोकरांसोबत ठेवायचं. घरात, पलंगावर नाही. ते खेळणारच, कोकराचा कान ओढेल, लोकर उपटेल. तिथल्या तिथे आवाज चढवून अडवायचं. आणि सोबत एखादी जुनी, खमकी मेंढी हवी. ती एकदा डोक्याने हाणते आणि आपलं निम्मं काम करून टाकते. एवढं करूनही दीड-दोन वर्षांच्या आत पूर्ण भरवशाचा राखणदार मिळत नाही. अंग मोठं दिसतं, पण अक्कल पोराचीच असते. तोवर रात्री जाणत्या कुत्र्याच्या जोडीला ठेवावं. ‘बैस’ म्हटल्याबरोबर बसण्याची अपेक्षाही याच्याकडून करू नका. मालक झोपलेला असताना स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यायचा, हेच त्याचं काम.

मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. मग एवढं मोठं जनावर इथे तगेल का? नामिबियाचं उदाहरण आहे. तिथल्या चित्ता संवर्धन संस्थेने १९९४ पासून कांगल आणि त्याच्या भाऊबंद जातीचे कुत्रे शेतकऱ्यांच्या शेळ्या-मेंढ्यांबरोबर ठेवले. नुकसान घटलं आणि चित्त्यांवर रोखलेल्या बंदुकाही खाली आल्या. तो देशही कोरडा आणि तापलेला. पण तिथला कुत्रा मोकळा असतो, झाड शोधतो, माती उकरून गार जागेत पडतो. तापलेल्या पत्र्याखाली बांधलेल्या कुत्र्याला यातलं काहीच करता येत नाही. निंबाची सावली, दिवसभर भरलेली पाण्याची कुंडी, दुपारी फिरवणं बंद, एवढं तरी हवंच. आणि उन्हाळा आला म्हणून अंगावरचे केस भादरू नका. आतली मऊ लव आणि वरचे राठ केस मिळून ऊन अडवतात. गळणारी लव विंचरून काढली की पुरे. जीभ लोंबकळून धाप थांबत नसेल, तोल जात असेल, तर सावलीत घ्या, पोटावर-पायांवर पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टर गाठा.

हिमाचलच्या गद्दी मेंढपाळांचे झुबकेदार कुत्रेही लोक इकडे आणू पाहतात. हिमालयन मेंढपाळ कुत्र्यावर २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं, इतका तो देखणा आहे. पण ती लोकर बर्फासाठी आहे. त्याला तापीकाठी आणणं मला क्रूरपणाच वाटतो.

कांगलच्या बाबतीत कायद्याकडेही बघावं लागतं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींच्या आयात, पैदास आणि विक्रीवर बंदी घालण्याबद्दल राज्यांना पत्र पाठवलं. त्या यादीत कांगल होता. संबंधितांचं म्हणणं ऐकलं नाही म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते रद्द केलं. तेव्हा पैसे मोजण्याआधी आजचा नियम विचारून घ्या.

[पडदा: चुलीवर बाजरीची भाकरी, परातीत ताक ओतणारा हात.]

वाड्यावरच्या कुत्र्याला भाकरी आणि ताक मिळतं. त्यावर तो जगतो, पण वाढत्या वयात अंडी, मांस यांची जोड हवी. मोठ्या हाडाच्या पिल्लाला बाजारातलं कॅल्शियमचं औषध मात्र मनाने पाजू नका, आणि त्याला लठ्ठही करू नका. खुब्याचे सांधे कायमचे बिघडतात. एकदाच पोटभर खाऊन लगेच धावलं तर अशा कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडू शकतो, मग हातात थोडेच तास असतात. जेवण दोन वेळा विभागून द्या.

एक गोष्ट मुद्दाम थांबून सांगतो. मेंढी कापली की कच्चं काळीज, फुप्फुस कुत्र्यापुढे टाकायची सवय आपल्याकडे आहे. त्यात पाण्याने भरलेल्या गाठी असतील, तर त्यातून कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर आणि पोरांच्या हातावर येतात. मग तशाच गाठी माणसाच्या यकृतात होतात. टाकाऊ अवयव खोल पुरावेत आणि डॉक्टरांना विचारून जंताचं औषध ठराविक अंतराने द्यावं. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, पुढे वेळापत्रकाप्रमाणे. रानातल्या कोल्ह्याशी गाठ पडणाऱ्या कुत्र्याला ती चुकवून चालणार नाही. रोज संध्याकाळी कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघावी.

आणि मेलेल्या मेंढीवर विष घालून लांडग्याची वाट बघू नका. लांडगा कायद्याने संरक्षित आहे. शिवाय त्या मढ्याकडे सगळ्यात आधी आपलाच कुत्रा जातो.

[पडदा: उजाडतंय.]

वाघूर सुटली. मेंढरं बाहेर पडली. बाबांचं ते पिल्लू आता दहा आठवड्यांचं आहे. एका म्हाताऱ्या मेंढीपाशी गेलं, तिने मान खाली घातली, तसं ते उताणं पडलं. तिने वास घेतला आणि चालू लागली. पिल्लू उठलं, अंग झटकलं आणि तिच्या मागे, दोन पावलं अंतर राखून, चालू लागलं.