केसपेपरवर न लिहिलेला आजार

उरल पर्वताजवळचं हे शहर तेव्हा कुठल्याच नकाशात नव्हतं. नाव चेल्याबिन्स्क-४०. इथल्या मायाक कारखान्यात सोव्हिएत अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम तयार होत होतं. १९४९ साली इथल्या दवाखान्यात पंचवीस वर्षांच्या एक मेंदूविकारतज्ज्ञ रुजू झाल्या. अँजेलिना गुस्कोवा. घरातच पिढीजात डॉक्टरकी. पण इथला आजार त्या पिढ्यांनीही पाहिलेला नव्हता.

कामगारांत विशीतल्या मुलीही होत्या. थकवा, डोकेदुखी, हाडांत ठणका. रक्त तपासावं तर पांढऱ्या पेशी घटलेल्या. किरणोत्सर्ग अंगावर रोज थोडा थोडा साचत होता. काहींना वर्षाला शंभर रेमच्याही वर (रेम म्हणजे शरीराला बसलेल्या किरणोत्सर्गाचं माप). आज अणुकामगारांसाठी वर्षाला सरासरी दोन रेमची मर्यादा आहे, म्हणजे अंदाज यावा.

गुस्कोवा आणि त्यांचे सहकारी ग्रिगोरी बायसोगोलोव यांनी या दुखण्याची नीट मांडणी केली: दीर्घकालीन किरणोत्सर्ग आजार. केसपेपरवर मात्र हे नाव लिहायची सोय नव्हती. तिथे मज्जासंस्थेच्या अशक्तपणाचं काहीतरी मोघम निदान जायचं. औषध असं नव्हतंच. पेशंटला त्या कामावरून उठवणं, हाच इलाज. बॉम्बची घाई असताना कारखान्याकडून हातचा माणूस सोडवून घ्यायचा, हे डॉक्टरीपेक्षा भांडणाचंच काम. पण माणूस तिथून हलला की बहुतेकांचं रक्त हळूहळू सावरे.

१९५७ मध्ये त्या मॉस्कोला, जीवभौतिकी संस्थेत गेल्या. १९७१ साली त्यांचा आणि बायसोगोलोव यांचा मानवी किरणोत्सर्ग आजारावरचा ग्रंथ आला.

आणि मग २६ एप्रिल १९८६. चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात स्फोट.

दोन-तीन दिवसांत दोनशेच्या आसपास माणसं विमानाने मॉस्कोच्या सहा नंबर क्लिनिकमध्ये, गुस्कोवांच्या हाताखाली आली. कुणाला किती डोस बसला, हे सांगणारं मापक हाताशी नव्हतं. डॉक्टर विचारत होते: पहिली उलटी कधी झाली? अर्ध्या तासात झाली असेल, तर स्थिती गंभीर. दोन तास उलटून गेल्यावर, तर थोडी आशा. पुढे रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) किती वेगाने घसरतात, त्यावर अंदाज पक्का व्हायचा. मायाकच्या पेशंटांनी शिकवलेलं इथे कामाला आलं.

कॅमेरे मात्र अमेरिकेहून आलेल्या डॉ. रॉबर्ट गेल यांच्याभोवती. अस्थिमज्जेची तेरा प्रत्यारोपणं झाली. त्यातले दोघंच जगले. एकूण १३४ जणांना तीव्र किरणोत्सर्ग आजार झाल्याचं पक्कं ठरलं, त्यातले २८ त्याच वर्षी गेले. कातडीवरच्या भाजल्या जखमांनीही अनेकांचा घात केला.

पुढे गुस्कोवा सांगत, की दूरवरच्या लोकांना किरणोत्सर्गापेक्षा त्याच्या भीतीनेच जास्त पोखरलं. अनेकांना हे पटलं नाही. आणि खरं सांगायचं, तर केसपेपरवर आजाराचं नावच लपवणाऱ्या व्यवस्थेवर लोकांनी विश्वास तरी का ठेवावा?

वाचलेले पेशंट पुढे वर्षानुवर्षं तपासणीला सहा नंबर क्लिनिकमध्ये येत राहिले. गुस्कोवा २०१५ साली गेल्या.