पाण्याकडे वळलेले इंजिनिअर

[दृश्य : सकाळची वेळ. उंच टाकी, खाली दूरवर पसरलेली वस्ती.]

सकाळी बहुतेक नळ एकदमच उघडतात आणि वाहिन्यांमधला दाब उतरू लागतो. अशा वेळीही टोकाच्या घरात पाणी चढावं, म्हणून कुणीतरी फार आधी वाहिन्यांचे व्यास, टाकीची उंची आणि पंपांची क्षमता ठरवलेली असते. हे काम करणाऱ्यांमध्ये मूळचे मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल इंजिनिअरही असतात. अर्ध्या वाटेवर क्षेत्र बदलून आलेले.

ही वाट जुनी आहे. हार्डी क्रॉस हे इमारतींच्या सांगाड्यांचे अभ्यासक. बीम आणि खांबांचं गणित हातानं सोडवण्याची त्यांची रीत 1930 मध्ये प्रसिद्ध झाली. 1936 मध्ये त्यांनी तोच विचार जलवाहिन्यांच्या जाळ्याला लावला. आधी प्रवाहाचा अंदाज धरायचा, चूक मोजायची, दुरुस्त करायची, पुन्हा मोजायची. संगणक येईपर्यंत कितीतरी जाळी याच रीतीनं सोडवली गेली.

[दृश्य : कागदावर वाहिन्यांचं जाळं, प्रवाहाचे बाण.]

इलेक्ट्रिकलच्या माणसाला हे जाळं ओळखीचं वाटतं. सांध्यात जेवढं येतं तेवढंच बाहेर पडतं. पण इथे प्रवाह दुप्पट झाला, की घर्षणात जाणारा दाब जवळपास चौपट होतो. आणि तेवढंच पाणी निम्म्या व्यासातून न्यायचं ठरवलं, तर तो जवळपास 30 पट! मेकॅनिकलवाल्याला पंपाचे आलेख पाठ असतात. त्याला वॉटर हॅमर नव्यानं शिकावा लागतो. लांब लोखंडी वाहिनीत सेकंदाला एक मीटर वेगानं जाणारं पाणी व्हॉल्व्हनं अचानक अडवलं, तर दाब सुमारे 100 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका उसळतो.

खरी अडचण मात्र सवयीची असते. इतरत्र शंका आली, की एक माप मोठं घ्यायचं, म्हणजे निर्धास्त. पाण्यात हा हिशेब उलटतो. गरजेपेक्षा मोठ्या वाहिनीत पाणी रेंगाळतं, वाटेतच क्लोरीन संपत जातो आणि टोकाच्या घरी पोहोचतं ते संरक्षण गमावलेलं पाणी. आग विझवायला मोठी वाहिनी हवी, पिण्याच्या पाण्याला लहान. या ओढाताणीत निर्णय घेणं, हेच या कामाचं मर्म मला वाटतं.

[दृश्य : रस्त्यावर दाबमापक लावणारं पथक.]

सराव घरूनही होतो. 1993 पासून मोफत मिळणारं ‘ईपानेट’ हे सॉफ्टवेअर दाबाबरोबर वाहिनीतल्या पाण्याचं वयही, म्हणजे ते किती वेळ जाळ्यात आहे हेही, काढून देतं. पण नव्या माणसानं सुरुवातीचे महिने मोजमाप पथकाबरोबर काढावेत, असं मी आग्रहानं सांगेन. पडद्यावरचा दाब आणि रस्त्यावरचा दाब जुळत नाही, तेव्हा कारण कधी जुन्या वाहिनीत चढलेल्या गंजाच्या थरात सापडतं, तर कधी दुरुस्तीनंतर अर्धवटच उघडलेल्या एखाद्या व्हॉल्व्हमध्ये.