कापूस टेकतो कशावर?

(निवेदन)

सकाळचे साडेसहा, आणि गेटबाहेर गाड्यांची लाइन बघा. वर्धा जिल्ह्यातलं जिनिंग आहे हे, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना, दिवाळी झाली की फेब्रुवारीपर्यंत रोज असंच. ट्रॉली काट्यावर चढते, ग्रेडर मुठीत कापूस दाबून बघतो, मग मीटर खुपसतो. सरकारी खरेदीत ओलावा ८ ते १२ टक्के चालतो, १२ च्या वर गेला की गाडी परत. म्हणजे एका एका टक्क्याचा हिशेब. आणि मग तोच कापूस ओततात कुठे ते बघा.

(ड्रोन, वरून)

डावीकडचा ढीग सिमेंटच्या ओट्यावर आहे, उजवीकडचा सरळ मातीवर. वरून दोन्ही सारखेच पांढरेशुभ्र दिसतात, म्हणून कॅमेरा खाली आणला.

(ढिगाचं बूड, जवळून)

हा उजवीकडचा. शेवटची वीतभर बघा, भुरी झालीय, ढेकळं चिकटलीत, त्यात गुटख्याची पुडीपण आहे, ती आम्ही ठेवलेली नाही बरं का. ही काळी जमीन कापूस पिकवायला सोन्यासारखी, पण साठवायला अजिबात नाही. पाणी धरून ठेवते, फुगते, वाळली की भेगा, आणि अवकाळी आला की ट्रॅक्टरचं चाक अर्धं आत. ओलावा खालून वर चढतो आणि ढीग आतून गरम व्हायला लागतो, कापूस पिवळा पडतो.

(ओट्याचं काम चालू आहे)

म्हणून हे खोदकाम. वरची काळी माती काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग सोलिंग म्हणजे दगडांचा थर, मग काँक्रीट. ओटा आवारापेक्षा उंच, एका बाजूला हलका उतार आणि कडेने नाली, पाणी थांबताच कामा नये. वरचा थर मिस्त्री घोटून घोटून गुळगुळीत करतोय कारण रफ राहिला तर त्याचीच रेती सुटून कापसात जाणार, मग मातीवर काय आणि सिमेंटवर काय. दोन ओट्यांच्या मधे रिकामी पट्टी सोडलीय, ती आगीसाठी. एक ढीग पेटला तर दुसऱ्याला झळ लागू नये आणि बंबाची गाडी आत यावी. आम्ही गेलो तेव्हा तिथे दोन मोटारसायकली उभ्या होत्या, असो.

हे काही नवीन डोकं नाही. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्राचं कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू झालं, त्याचा चौथा भाग खास जिनिंग-प्रेसिंग सुधारण्यासाठी होता, आणि त्यात मशीनसोबत पक्के ओटे आणि आतले रस्तेपण धरलेले होते. तिसरा भाग बाजार समित्यांच्या यार्डांसाठी. पण मशीनचा फोटो चांगला येतो, ओट्याचा येत नाही.

(नकाशाचा कागद)

हा आवाराचा नकाशा. शेतजमिनीवर जिनिंग टाकायचं म्हणजे एनए, जमीन बिगरशेती करायची परवानगी, लागायची, १९६६ च्या जमीन महसूल संहितेतलं कलम ४४. शेड, ऑफिस, गोडाऊन, सगळं मापासकट काढलंय. आणि जिथे हंगामातला सगळा कापूस पडून राहतो तिथे नुसता चौकोन, आत लिहिलंय ओपन यार्ड, बस्स. खाली माती की मुरूम की सिमेंट, एक शब्द नाही.

(बाया कापूस निवडताना)

या बाया दिवसभर हेच वेचतात, सुतळी, चिंधी, केस, पोत्याचे प्लॅस्टिकचे धागे.

(रेचे म्हणजे सरकी काढणारी मशीनं, मग गाठी दाबणारा प्रेस)

१०० क्विंटल कापसातून साधारण ३४ क्विंटल रुई निघते, म्हणजे १७० किलोच्या वीसेक गाठी. निवडताना सुटलेला प्लॅस्टिकचा एक धागा इथून पुढे सूतगिरणीत गेला की त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, ते रंग धरत नाहीत, कापड रंगवल्यावर दिसतात. गाठीला भाव कमी, मग शेतकऱ्यालापण कमी.

(संध्याकाळ, मातीवरचा ढीग संपत आलाय)

बुडाचा माल आता फावड्याने ओढतायत. तो वेगळा ठेवतात, वरच्यात मिसळत नाहीत. खाली जमिनीवर ढिगाच्या आकाराचा ओला डाग राहिलाय, आणि त्याच डागावर पुढची ट्रॉली रिकामी होतेय.